शोधयंत्राने आपला शब्द परस्पर बदलावा का?

जुना खिळा

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतो. सध्या हातात एका घराण्याच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांचं पुस्तक आहे. त्यात एका लग्नाच्या खर्चात 'आचाऱ्यांस' अशी नोंद आहे, पण पुढचा मजकूर वाळवीने खाल्लाय. त्या काळी लग्नातल्या आचाऱ्यांना मोबदला कसा देत, रोख, शिधा की दोन्ही, हे बघावं म्हणून मी 'लग्नातील आचाऱ्यांची मजुरी' असं शोधलं. शोधयंत्राने माझा शब्द 'आचार्यांची' असा केला आणि समोर द्रोणाचार्य, शंकराचार्य, कुणाच्या चातुर्मासाची निमंत्रणपत्रिका असं सगळं हजर झालं. वर एक ओळ होती, अमुक शब्दाचे परिणाम दाखवत आहोत. माझा मूळ शब्द तिच्याखाली बारीक अक्षरांत. एवढा वेळ प्रुफं तपासणारा मी, माझीही नजर त्या ओळीवरून दोनदा घसरली.

'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. मराठी शुद्धलेखन शिकवताना हे उदाहरण हमखास देतात.

आमच्या कामात एक शिस्त आहे. लेखकाचा शब्द खटकला तर समासात प्रश्नचिन्ह करायचं. उघड टंकनदोष असेल तर दुरुस्त करायचा, पण दोन अर्थ निघत असतील तर विचारायचं. सुरुवातीच्या काळात मी एका कवितेत 'नेत्रमीलन'चं 'नेत्रमिलन' केलं होतं. मीलन म्हणजे मिटणं, मिलन म्हणजे भेट. मरणाच्या कवितेत मी दोन डोळ्यांची भेट घडवून आणली. पुस्तक छापून आल्यावर कवी छापखान्यात आले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "एकदा विचारायचं होतं." ते वाक्य अजून माझ्याबरोबर आहे.

म्हणून विचारतो. शोधयंत्राने शब्द सुचवावा की सरळ बदलून टाकावा? माझं मत उघड आहे, तुमचे अनुभव लिहा. आणि त्या मजुरीबद्दल कुणाला माहिती असेल तर तीही हवी आहे.

गोदाकाठ

शंभर टक्के सहमत. मी कांदा उत्पादक आहे. दोन वर्षांपूर्वी कांदा साठवायला नवीन कांदाचाळ बांधायची होती, तळ जमिनीपासून किती उंच ठेवायचा, वारा खालून कसा खेळता ठेवायचा, हे बघत होतो. 'चाळ' लिहिलं की 'चाल' होऊन यायचं. कधी हिंदीत बुद्धिबळाच्या चाली, कधी बाजारभावाची चाल. माल शेतात काढून पडलेला, आभाळ भरून आलेलं, आणि मी 'ळ' टाकत बसलोय. शेवटी शेजारच्या गावात जाऊन एकाची चाळ टेपने मोजून आलो.

'ळ' गेला की आमच्या भाषेतलं निम्मं शेत गेलं. काळ, वेळ, मूळ, फळ, केळ, जाळी, माळ, नांगराचा फाळ.

रुणझुण

@गोदाकाठ, काळ-काल, वेळ-वेल, बाळ-बाल. सगळेच खरे शब्द आहेत, म्हणूनच घोळ होतो.

पाटीवरची

मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे, आणि मनापासून लिहिणार आहे.

मी एका वस्तीत बायकांचा वाचन-लेखनाचा वर्ग घेते. चाळिशी-पन्नाशीच्या बाया, कुणी दुसरीत शाळा सोडलेली, कुणी शाळेत गेलेलीच नाही. त्यातल्या एकीने मागच्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर स्वतः काही शोधलं. मुलाला कावीळ झाली होती. तिने 'कावीळ'मध्ये वि पहिला काढला आणि शेवटी ल लिहिला. शोधयंत्राने तिला काहीही न विचारता बरोबर पानावर नेलं. 'तुम्हाला असं म्हणायचं होतं का' असं विचारलं असतं तर तिने फोन खाली ठेवला असता. तिला प्रश्न म्हणजे परीक्षा वाटते. आपण चुकलो हे सांगणारं कुणीतरी तिला जन्मभर भेटत आलंय.

जुना खिळा, तुमच्या समासातलं प्रश्नचिन्ह मला कळतं. पण ते लेखकासाठी आहे. ज्याला आपला शब्द बरोबरच आहे याची खात्री असते त्याला तो प्रश्न चालतो. माझ्या बायांना नाही चालत.

सह्यकडा

पाटीवरची, प्रतिसाद फार आवडला. माझं मत अर्धं बदललं.

अक्षरयंत्र

मी शोधप्रणालीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हे आत कसं चालतं ते थोडं सांगतो.

१९६४ साली फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी एक निरीक्षण मांडलं होतं. चुकलेल्या शब्दांपैकी जवळपास ८० टक्के शब्दांत एकच चूक असते: एक अक्षर जास्त पडलेलं, एक गळलेलं, एक बदललेलं किंवा शेजारची दोन उलटसुलट झालेली. त्याच सुमारास रशियात लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधलं 'अंतर' मोजण्याची रीत दिली. आजही पाया तोच आहे. तुमच्या शब्दापासून एक-दोन पावलांवर कोणते शब्द आहेत ते बघायचं, आणि त्यातला कोणता लोक जास्त वापरतात ते बघायचं. अंतर कमी आणि वापर जास्त, तो शब्द जिंकतो.

पुढे शोधयंत्रांना एक मोठा ठेवा मिळाला, लोकांनी स्वतःच केलेल्या दुरुस्त्या. माणूस एक शब्द लिहितो, काही सापडत नाही, दोन सेकंदांनी दुसरा लिहितो. अशा जोड्या लाखोंनी साठतात. गूगलने एके काळी ब्रिटनी स्पिअर्स हे नाव लोक किती तऱ्हांनी लिहितात त्याची यादी प्रसिद्ध केली होती, पाचशेहून जास्त प्रकार होते. २०२० साली गूगलने सांगितलं की दर दहा शोधांमागे एकात स्पेलिंगची चूक असते. एवढ्या लोकांना दरवेळी थांबवून विचारायचं का, हा खरा पेच आहे.

आता मराठी. इथे गणित तीन ठिकाणी बिघडतं.

पहिलं म्हणजे आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते यंत्राला एक नसतं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ष असे तीन संकेत. जुना खिळा यांचा 'ऱ्या' तर आणखी नाजूक. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता (टिंब) असलेला वेगळा र वापरून. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालून. बऱ्याच प्रणाली मजकूर स्वच्छ करताना तो अदृश्य संकेत कचरा समजून काढून टाकतात. तो गेला की 'आचाऱ्यांना'चं आपोआप 'आचार्यांना' होतं आणि 'दऱ्या'चा 'दर्या'. म्हणजे स्पेलिंग तपासायच्या आधीच डोंगर समुद्रात गेलेला असतो.

दुसरं, आपली लिपी हिंदीबरोबर सामाईक आहे. २०११च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून मराठी सांगणारे ८.३ कोटी, हिंदी सांगणारे ५२.८ कोटी. 'वापर जास्त' या निकषावर 'चाळ' विरुद्ध 'चाल' ही लढत कशी संपणार ते गोदाकाठ यांनी सांगितलंच आहे. यात मराठीबद्दल कुणाचा आकस नाही, पण परिणाम तोच होतो.

तिसरं, आपले प्रत्यय. घर, घराचा, घरासमोरच्यांनाही. एका शब्दाची शेकडो रूपं होतात, त्यातली बरीच रूपं यंत्राने कधी पाहिलेलीच नसतात. न पाहिलेलं म्हणजे चुकलेलं, असा त्याचा समज होतो.

माझं मत: खात्री प्रचंड असेल तरच बदलावं, आणि दुसरा अर्थपूर्ण मराठी शब्द शक्य असेल तिथे खात्री आहे असं मानूच नये.

गोदाकाठ

@अक्षरयंत्र, डोंगर समुद्रात गेला हे मी आता गावभर सांगणार.

मूलकर

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचा. तालुक्याचं ठिकाण आहे हो आमचं. 'मूल येथील दवाखाना' शोधा, बालरोगतज्ज्ञ येतात. 'मूल येथे भाड्याने घर' शोधा, मुलांना एकटं घरात ठेवू नये असा सल्ला येतो.

चहाबाज

रोमन लिपीत लिहिलं तर आणखी मजा. पेण लिहा, शाईची पेनं विकायला येतात आणि गणपतीचे कारखाने राहतात बाजूला. साताऱ्यातला माण तालुका लिहिला की इंग्रजीतला पुरुष. वाईचं काय होतं ते वाईकरांनी सांगावं.

कृष्णामाई

वाईकर हजर. वायफाय होतं.

परदेशी पाखरू

आडनावांचंही तेच आहे. मी टोरोंटोजवळ राहते, माहेरचं आडनाव काळे. रोमनमध्ये लिहिलं की तिकडच्या त्या 'केल' नावाच्या पालेभाजीच्या कोशिंबिरी समोर येतात. त्यावर आम्ही घरात खूप हसतो. पण एक प्रसंग हसण्यासारखा नव्हता. यजमानांचं आडनाव शेट्ये, कोकणातलं. सासरे गेल्यावर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना शोधून कळवायचं होतं. आडनाव टाकलं की 'शेट्टी' होऊन यायचं. दोन्ही आडनावं वेगळी, माणसं वेगळी, किनाऱ्यावरचे मुलूखही वेगळे. एका जवळच्या मित्रापर्यंत आम्ही तेराव्यानंतर पोचलो. ते फोनवर म्हणाले, मला आधी कळलं असतं तर आलो असतो. नावाला तरी हात लावू नये हो.

रुणझुण

पाखरू, वाचून गलबलून आलं.

औषधवाली

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा.

हायड्रॉक्सीझिन आणि हायड्रालाझिन. पहिलं खाज, अंगावर पित्त उठणं यासाठी देतात, दुसरं रक्तदाबासाठी. नावं इतकी जवळची की औषधसुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थांच्या 'गोंधळ होणारी नावं' या यादीत ही जोडी कायम असते. म्हणून अमेरिकेत अशा नावांमधला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत पडली, म्हणजे नजर तिथे अडखळावी. ते अडखळणं तिथे मुद्दाम घडवलेलं आहे.

परस्पर दुरुस्ती नेमकं उलट करते. अडखळूच देत नाही.

पण पाटीवरची म्हणतात तेही मी रोज बघते. पेशंट चिठ्ठीवरचं नाव कधीच बरोबर वाचू शकत नाही. फोनमध्ये काहीतरी वेडंवाकडं लिहितो आणि यंत्र त्याला योग्य औषधापर्यंत नेतं. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की औषधाच्या नावाजवळ दुसरं औषध असेल तर दोन्ही नावं शेजारी-शेजारी दाखवा, कशासाठी देतात ते एकेका ओळीत लिहा आणि माणसाला निवडू द्या. निवडायचं म्हणजे परीक्षा नाही. दुकानात मी तेच करते, "ताई, खाजेची की बीपीची?" त्यात कुणाला अपमान वाटलेला मी पाहिलेला नाही.

पाटीवरची

@औषधवाली, 'खाजेची की बीपीची' हा प्रश्न माझ्या बायांनाही चालेल. कारण त्यात तू चुकलीस असं कुठेच नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. घरी कोंकणी, शाळा मराठीतून.

हिंदी आमचा 'ळ' खाते ही तक्रार मी समजू शकतो. पण जरा आमच्या बाजूनेही पाहा. कोंकणीत मासळीला 'नुस्तें' म्हणतात. मी 'नुस्तें' लिहिलं की ते 'नुसते' होतं. आईच्या हातच्या हुमणाची, म्हणजे माशांच्या कालवणाची, कृती शोधायला जावं आणि 'नुसते बोलू नका, करून दाखवा' असले सुविचार वाचून परत यावं. आमच्याकडे तो अनुस्वार नाकात उच्चारला जातो, ती शोभेची टिकली नाही.

१९९२ साली कोंकणी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. २०११च्या जनगणनेत कोंकणी सांगणारे साधारण साडेबावीस लाख. अक्षरयंत्र यांचाच निकष लावला तर मराठीपुढे आमचा शब्द टिकत नाही. मोठ्या भाषेच्या मापाने लहान भाषेचा शब्द चूक ठरवायचा नाही, हे तत्त्व मान्य असेल तर ते मराठीलाही लागू आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांनाही.

सह्यकडा

मांडवीकाठ, खरं आहे. आमच्याकडे खानदेशात आजीचे कितीतरी शब्द मी लिहायलाच सोडून दिलेत, कारण फोन लाल रेघ मारतो. लाल रेघ निदान शब्द तसाच ठेवते. पण सतत दिसली की माणूसच तो शब्द टाकून देतो.

पानोपानी

थोडं अवांतर. जुन्या पुस्तकांत शोधणाऱ्यांचे हाल वेगळेच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२चे, त्यात १९७२ला चारची भर पडून १८ झाले. त्याआधीची पुस्तकं 'कांहीं', 'नांव', 'गांव' अशीच छापलेली. आज मी 'नांव' लिहिते ते जुनं पुस्तक सापडावं म्हणून. यंत्र त्याचं 'नाव' करून मला आजच्या बातम्यांत नेतं.

आणि गंमत बघा. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, हा फरक डोळ्यांना दिसत होता. अनुस्वार गेल्यावर तो आता संदर्भावरूनच कळतो. मी नियमांच्या विरोधात नाही, पण मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा कोश उघडताना मला जुनं लेखन जुनंच टाइप करावं लागतं. मी चुकत नसते, मी दुसऱ्या काळात शोधत असते.

अक्षरयंत्र

@पानोपानी, यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. 'नांव' आणि 'नाव' दोन्ही रूपांसाठी शोध घ्यायचा, पण लिहिलेलं रूप जिथे जसंच्या तसं आहे ती पानं वर ठेवायची. बदलण्यापेक्षा वाढवणं बरं. मराठी विकिपीडियावर माणसांनी हाताने केलेली पुनर्निर्देशनं असतात, तुम्ही वेगळं लेखन लिहून लेखावर पोचलात की शीर्षकाखाली 'अमुक पानावरून पुनर्निर्देशित' असं स्पष्ट दिसतं. कुठून आलात ते लपवलेलं नसतं.

श्रवण

मी अंध आहे. संगणकावर एनव्हीडीए वाचक वापरतो, ते मला पडद्यावरचं ऐकवतं.

तुम्ही सगळे शब्द पाहता. मी ऐकतो. माझ्या वाचकाच्या आवाजात 'दिन' आणि 'दीन' मला एकच ऐकू येतात, 'शिर' आणि 'शीर' एकच. एकेक अक्षर थांबून तपासलं तरच वेलांटी पहिली की दुसरी ते कळतं. एवढा वेळ प्रत्येक शोधाला कोण देणार? म्हणून मला दुरुस्ती हवी आहे. ती नसेल तर माझे अर्धे शोध रिकामे जातील.

पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दुरुस्ती झाल्याची ती ओळ मला आपोआप ऐकू येत नाही. मी मथळ्यांवरून उड्या मारत पहिल्या निकालावर जातो, ती ओळ मागे राहते. एकदा परीक्षेच्या अर्जाची तारीख शोधताना माझा शब्द बदलला गेला, मी दुसऱ्याच परीक्षेची माहिती पूर्ण ऐकली आणि ती तारीख मित्रालाही कळवली. त्याने डोळ्यांनी पाहून मला सांगितलं. शब्द बदलायला माझी हरकत नाही. बदलला हे मला ऐकू येईल असं आधी सांगा.

जुना खिळा

@श्रवण, मी धागा काढताना हा विचारही केला नव्हता. 'बारीक अक्षरांत' अशी तक्रार केली, पण ती अक्षरं ज्याच्यापर्यंत पोचतच नाहीत त्याचं काय हे डोक्यात आलं नाही. मनापासून आभार.

@पाटीवरची, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करतोय. माझा हट्ट सोडतो, पण अर्धाच. 'कावीळ' कुठल्याही वेलांटीने लिहिली तरी दुसरा अर्थ निघत नाही, तिथे बदला, विचारू नका. 'आचाऱ्यांना'सारखा दुसरा अर्थ निघत असेल तिथे औषधवालींसारखं विचारा. छापखान्यात आम्ही हेच करत होतो की. मी धाग्यात ते लिहिलं आणि प्रश्न विचारताना स्वतःच विसरलो.

टिचकी

ज्यांना आत्ता उपाय हवाय त्यांच्यासाठी: शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. गूगलमध्ये शब्दाआधी अधिकचं चिन्ह दिलं की तो जसाच्या तसा शोधला जायचा, ते २०११ साली काढलं. मग त्याच वर्षी 'व्हर्बॅटिम' (शब्दशः) नावाची सोय आली. संगणकावर शोध घेतल्यावर 'टूल्स'मध्ये जाऊन ती निवडता येते. प्रत्येक नव्या शोधाला पुन्हा जावं लागतं, हा त्रास आहे.

गोदाकाठ

अवतरणात घालून 'कांदाचाळ' शोधलं. आलं!! दोन वर्षं उशिरा, पण पुतण्याची चाळ होईल यातून.

कृष्णामाई

गूगल बऱ्याच वर्षांपासून सांगतं की रोजच्या शोधांपैकी १५ टक्के याआधी कधीच कुणी केलेले नसतात. मला वाटतं अडचण या १५ टक्क्यांत आहे. पुष्कळ लोक विचारतात ते यंत्राला उत्तम कळतं. पहिल्यांदाच काहीतरी विचारणाऱ्याला ते गर्दीच्या वाटेवर ढकलतं. जुन्या वहीतल्या आचाऱ्यांची मजुरी जगात किती जण शोधत असतील?

ओटीवरचा

निदान दोघं. कारण मीही शोधली आहे.

माझे पणजोबा आचारी होते, सावंतवाडीच्या आसपासच्या गावांत लग्नामुंजींचा स्वयंपाक करायचे. धागा वाचून काल माळ्यावरची ट्रंक काढली. त्यांची वही आहे. बरीच पानं तेलकट झालीत, पण वाचता येतात. एकेका कार्याला काय मिळालं ते ओळीने लिहिलंय. रोख रक्कम वेगळी, त्याखाली तांदूळ, नारळ, गूळ, आणि यजमान मोठा असेल तर उपरणं. वाढप्यांचा हिशेब शेवटी निराळा. म्हणजे जुना खिळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरापुरतं तरी 'दोन्ही' असं आहे.

एक अडचण सांगतो. पणजोबा फार शिकलेले नव्हते. सगळीकडे 'आच्यारी' असं लिहिलंय, 'उपरणं'चं 'उपर्ण', 'गूळ' कधी पहिला तर कधी दुसरा. पानांचे फोटो पाठवू, की वाचायला सोपं जावं म्हणून नीट करून टाइप करू?

जुना खिळा

फोटोच पाठवा. आणि टाइप केलंत तर 'आच्यारी'ला हात लावू नका. ते बोलताना तसंच म्हणत असतील. शंका येईल तिथे मी समासात खूण करीन आणि तुम्हाला विचारीन.